सगळेच पाहुणे कल्पिता

नागाव, ३ नोव्हेंबर २०२५

ती. भार्गवीताईस,
सलिलचा सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून रागावू नकोस. तो विहिरीत आहे. दिवेआगरच्या कल्पिताने माझ्या बाराव्या मेसेजलाही उत्तर दिलं नाही, तेव्हा मीच फेकला. म्हणून हे पत्र.

आपल्या घरगुती निवासाची वेबसाइट मी लिहिली, याचा बापूंना परवापर्यंत अभिमान होता. शनिवारी चार कुटुंबं आली आणि चौघांच्याही पावतीवर ‘कु. कल्पिता, खोली नंबर तीन’! कुमुदकाकू तुला माहीतच आहे, यादीत असेल त्याच नावाने जेवायला बोलावते. तिने पडवीतून कल्पिताला हाक मारली, तर चार बाप्ये पानावर येऊन बसले. त्यांत पेणचे ट्रकवाले हिरामण म्हात्रे, मिशा एवढ्या! काकूने त्यांना अगं-तुगं करत एकवीस मोदक वाढले. म्हणाले, घरी बी एवढ्या मायेनं कोन वाढत न्हाय. रात्री चारही कुटुंबं एकाच खोलीत आडवी झाली.

बापूंनी बजावलंय, महिनाअखेर हे नीट झालं नाही तर मला पुन्हा कॉलेजात घालणार. त्याच सरांच्या वर्गात, ज्यांच्या टेबलावर कीबोर्ड आपटून मी दुसऱ्या वर्षाला निघून आलो. काहीतरी कर.

तुझा लोभ माझ्या चुका मोजत नाही, या भरवशावर,
सलिल

पुणे, ८ नोव्हेंबर २०२५

चि. सलिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा कोड आमच्या तपासणीच्या प्रोग्रामला घातला. त्याने एकशे त्रेचाळीस चुका काढल्या आणि मग तोच बंद पडला. एक फंक्शन नऊशे ओळींचं. तोच तुकडा चौदा ठिकाणी चिकटवलेला. एका जागी तर शेरा, ‘हे का चालतं ठाऊक नाही, हात लावणाऱ्याला पाप लागेल.’

मुख्य घोळ असा. तुला विचारायचं होतं, पाहुण्याचं नाव कल्पिता आहे का. असेल तर तीन नंबरची झोपाळ्याची खोली आणि मोदक. विचारायला बरोबरची (=) दोन चिन्हं लागतात, तू एकच टाकलंस. मग ते विचारत बसलं नाही, येईल त्याचं नाव कल्पिता ठेवत गेलं. चौदा जागी बारसं केलंस रे!

मला वेळ नाही. दुसऱ्याचा कोड वाचून त्याला रडवणारी एक दिवेआगरची मुलगी ऑफिसात आहे, तिला दिलाय. नाव सांगत नाही. विहिरीत अजून जागा आहे.

आईला नमस्कार, तुला एक धपाटा,
भार्गवी

नागाव, १२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दिवेआगरची? दिवेआगरची म्हणजे कोण? अगं, त्या कोडात ‘बापू झोपल्यावर तिला काय सांगायचं’ तेही लिहून ठेवलंय, तेव्हा दुसरी वही जवळ नव्हती! रागाने काल मी एकोणीस नारळ सोलले, कोणी मागितले नसताना.

तिला सांग, बाकी सगळं मोड. पण त्या चौदांतलं एक तरी राहू दे. मग मला कॉलेजात घातलं तरी चालेल.

अधिक काय लिहू,
सलिल

पुणे, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सलिल, अनेक आशीर्वाद.

तीच आहे. तीन दिवस वाचत होती. एका ठिकाणी हसली. कुठे, ते विचारू नकोस. नऊशे ओळींच्या चाळीस केल्या, चौदांचा एक केला. आता प्रोग्राम एकच तक्रार करतो, की ही कल्पिताची ओळ आजवर एकदाही खऱ्या कल्पितासाठी चाललेली नाही, काढून टाका. तिने काढली नाही. राहिलेलं चिन्ह घातलं आणि शेजारी लिहिलं, ‘चालवून पाहिल्याशिवाय काढता येणार नाही.’

आणि तुझ्या बाराव्या मेसेजला तिने उत्तर पाठवलं होतं, गाढवा. फोन तेव्हा पाण्यात होता.

राग आवरावा, माया आहेच,
भार्गवी

नागाव, २० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आज शनिवारच्या दोन पावत्या निघाल्या. पहिली हिरामण म्हात्रेंची, त्यांच्याच नावाने. त्यांनी बापूंना फोन करून बजावलं, की आपल्याला पुन्हा कल्पिताच करा, मोदकांचं काय?

दुसरी, ‘कु. कल्पिता, खोली नंबर तीन.’ ती बघून बापूंनी कपाळावर हात मारला. म्हणाले, चूक होती तिथेच आहे, सोमवारी तुझं नाव घालतो कॉलेजात. मी तेलाची बाटली घेऊन थेट तीन नंबरात गेलो. तिथे थांबलो असतो तर रडलो असतो.

झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलंय. काकूला एवढंच सांगून ठेवलं, की शनिवारी पानं वाढल्यावर हाक जरा हळू मार. या वेळी कल्पिताच येईल.

तुझा,
सलिल