हिरकणी घोडीच्या चाऱ्याची माझ्या पश्चात व्यवस्था

मी, वैजनाथ भैरू दुधाणे, वय वर्षे ८१, राहणार वारजे, पुणे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवीत आहे. डॉक्टरांनी माझी बुद्धी तपासून दाखला दिला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी स्वतःचा दाखला आणावा.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझा एकुलता मुलगा रणजित यास मिळाव्यात.

२. खरारे, लगाम व वरातीचा जरीचा साज धाकटा बंधू संभाजी यास द्यावा. घोडी देऊ नये. मागे वर्षभर हिरकणी त्याच्याकडे होती. त्याने तिला बी झडून काडी झालेले गवत घातले. अशा गवतात प्रथिने अत्यल्प असतात; चारा पोटात नीट आंबत नाही, साचून राहतो. हिरकणीचे मणके वर आले व पोट खाली लोंबले. संभाजी म्हणाला, "दादा, पोट बघा की, कसं बाळसं धरलंय!" मी म्हणालो, "पोट माझंही सुटलंय. मला नेतोस का वरातीत?" त्यावर तो दोन दिवाळ्या आला नाही. फराळ वाचला.

३. हिरकणी व तिची पागा माझी सून सौ. नम्रता हिला मिळावी. रणजितने रागावू नये. घोडीवर त्याची माया आहे, हीच अडचण आहे. माया दाटून आली की तो नुसता लसूणघास टाकतो. त्यात प्रथिने भरपूर. लग्नसराईपुरत्या चालणाऱ्या घोडीस तेवढी लागत नाहीत. जादा झालेले ती मूत्रावाटे टाकते, त्यासाठी बादल्याच्या बादल्या पाणी पिते, आणि पागेत डोळ्यांना झोंबणारा वास कोंडतो. रणजितने त्यावर अगरबत्ती लावली.

नम्रता हिंजवडीच्या कचेरीतून आली ती दारातूनच म्हणाली, "अहो, अगरबत्ती कशाला? घास कमी करा."

"तुझं घोडीवर प्रेमच नाही."

"नाहीच. म्हणून तर माझं नाक चालतंय."

त्याच क्षणी माझा वारस ठरला.

४. निसवण्याच्या, म्हणजे तुरा बाहेर पडण्याच्या सुमारास कापून वाळवलेले, हिरवट छटेचे गवत हाच हिरकणीचा मुख्य आहार राहील. लसूणघास तोंडी लावण्यापुरता. चारा बदलणे भागच पडल्यास हळूहळू बदलावा. एकदम बदलल्यास पोटशूळ उठतो.

५. माझ्या दहाव्यास जमलेल्या पाहुण्यांनी कळवळ्याने घोडीस बुंदी भरवू नये. पिंडास कावळा न शिवल्यास घर वा सोने यांविषयी काहीही कबूल करू नये. माझे तेथे काही अडकलेले नाही. रणजितने हात जोडून मोठ्याने म्हणावे, "अण्णा, नम्रता ठरवील तोच चारा हिरकणीपुढे पडेल." कावळा शिवेल. न शिवल्यास रणजितने तेच पुन्हा म्हणावे. पहिल्यांदा मनापासून म्हटलेले नसेल.

हे सर्व साक्षीदारांसमक्ष वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

(सही) वैजनाथ भैरू दुधाणे

साक्षीदार:
१. (सही) संतोष उत्तरेश्वर माने, शेजारी
२. (सही) डॉ. श्यामला केळकर, कोथरूड

स्थळ: वारजे, पुणे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४