फेरविचाराची मुदत

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! निकाल हातात पडून महिना होतो न होतो तोच दत्तक संस्थेत गृहभेट अधिकारी. दादा म्हणाला, हिला स्वतःचा डबा भरता येत नाही, ही लोकांना लेकरं देणार. आई फोनवर दोनदा रडली. संस्थेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. इच्छुक आईबापांच्या घरी गेलं की संकोच न करता कपाटंही उघडून बघायची. आणि मूल सोडून देणारी आई समर्पणपत्रावर सही करते, तरी तिला फेरविचाराला दोन महिन्यांची मुदत असते. तेवढ्यात ती आली तर मूल तिचं. नंतर कुणाचंच काही चालत नाही.

११ मार्च
पहिली गृहभेट. निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको; मी लगेच काका-काकू म्हणायला लागले. घर लखलखीत. अर्जात ‘मुलीचं वय’ हा रकाना तेवढा कोरा. विचारलं, तर काकू म्हणाल्या, जी येईल ती आमची. मग गप्पांत माझंच लहानपण निघालं. प्रश्न मी विचारायचे, पण सगळी उत्तरं मीच देऊन आले. आईला सांगितलं तर म्हणाली, तू म्हणजे अशीच.

२ एप्रिल
दुसरी भेट. मुलीची खोली तयार आहे. भिंती फिकट जांभळ्या. माझा आवडता रंग, मागे बोलता बोलता सांगितला होता. पलंग मोठ्या माणसाचा. कपाटातले कपडेही. काकूंनी एक माझ्या खांद्याला लावून पाहिला. बाह्या जरा आखूड होतील म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी फोन केला, तर आईला माझा वाढदिवस आठवेना. वय झालं, म्हणाली.

१९ एप्रिल
अहवालावर ‘नामंजूर’ लिहून मोकळी झाले. कारण काय देणार? अर्जदारांचं वय जास्त, एवढंच लिहिलं.

२० एप्रिल
दप्तर सांभाळणाऱ्या मामांनी अहवाल दाखवला. ‘मंजूर’. अक्षर माझं. सही माझी. मोठ्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की मुलीची निवड झाली आहे, आता मी त्यात पडू नये.

२९ एप्रिल
मामा जेवायला गेले तेव्हा काका-काकूंची फाइल काढली. मुलीची माहिती: हनुवटीला टाका, सायकलवरून पडून. आवडता रंग जांभळा. सोबत माझा फोटो. त्याखाली समर्पणपत्र. सही आईची, शेवटचं अक्षर खाली घसरणारी. तारीख तीन मार्च. म्हणजे मुदत रविवारी संपते.

३० एप्रिल
आईला फोन. सहीचं विचारलं. म्हणाली, नोकरीचे कागद म्हणून संस्थेतल्या एक बाई घेऊन आल्या होत्या, वाचत कोण बसतंय. मग तिनेच विचारलं, आपण कोण बोलताय?

२ मे
पहाटेच्या बसने गेले. कागद लिहून नेला होता: मी माझी मुलगी परत घेते. आईने खाली सही करायची, बास.
दार आईनेच उघडलं.
“कोण हवंय तुम्हाला?”
तुम्हाला. मला म्हणाली. बसा म्हणाली, पाणी दिलं. भिंतीवरच्या फोटोत ती, बाबा, दादा. माझ्या जागी रिकामी खुर्ची. तिने चष्मा लावून कागद वाचला. डोळे भरून आले तिचे. हनुवटी पुढे केली मी. तिचा हात उचलला गेला, अगदी जवळ आला – आणि परत गेला.
“मला मुलगी असती ना, तर केली असती हो सही.”

३ मे
पुन्हा गेले. दार उघडलं नाही. आतून दादा – पोलिसांना बोलावतो म्हणाला. रात्री अकरापर्यंत पायरीवर. मग बारा. मग –
मुदत संपली.

४ मे
भाड्याच्या खोलीचं कुलूप बदललंय. घरमालकीण म्हणाली, सकाळीच तुझे वडील सामान घेऊन गेले, किती मायाळू माणूस. फाटकाशी काका उभे –

५ मे बहुतेक
जांभळी खोली. दार उघडंच आहे. कुणी कोंडलेलं नाही. पण जायचं कुठे –
आडनाव लिहून ठेवते, विसरायच्या आत. माझं आडनाव – नाही. हे काकूंचं.
स्वयंपाकघरातून हाक येतेय. ओ द्यायची नाही. एकदा ओ दिली की –
पुन्हा हाक. किती प्रेमाने –
आले, आ