रुजू झाल्याची तारीख

दि. ९ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेतला. आईचं बरं आहे, गुडघा सोडला तर. तिला मी काही सांगितलेलं नाही, तूही सांगितलं नसशील. छकुलीची परीक्षा संपली का? गणिताचा पेपर कसा गेला ते कळव.

भावोजींचं झालं ते फार वाईट झालं. त्यांनी घरी कसं सांगितलं मला माहीत नाही, म्हणून मी माझ्या परीने सांगते. औषधाच्या बाटल्यांची झाकणं आमच्याकडून घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाने माल घेणं बंद केलं. दोन मशिनं थांबली. सात ऑपरेटरांपैकी दोघांना कमी करायचं ठरलं. अशा वेळी कोणाला काढायचं हे साहेबांच्या मर्जीवर नसतं. जो शेवटी आला तो आधी जातो. त्यासाठी सेवाज्येष्ठतेची यादी करायची, आठवडाभर फलकावर लावायची, हरकती ऐकायच्या, मग नोटीस द्यायची. हे सगळं रीतसर झालं. कागदात बोट ठेवायला जागा नाही.

यादी वरून आली होती. एचआरमध्ये असले तरी माझ्या हातात टाईप करण्यापलीकडे फारसं काही नसतं, हे तुला ठाऊक आहे.

तू रागावली आहेस हे समजतं. पण नक्की कशावर रागावली आहेस ते समजत नाही. नोकरी गेली त्यावर, की मी त्याच ऑफिसात अजून बसते त्यावर? एकदा बोल तरी. शिव्या घाल हवं तर.

छकुलीला पापा.

तुझी धाकटी


दि. २ एप्रिल, गुरुवार

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. बरंच झालं. मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्याला उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच.

आज जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसले आहे. दार लावून घेतलंय. तीन कागद फाडून झाले. कुठून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून जिथून मला भीती वाटते तिथूनच करते.

यादी वरून आली नव्हती. मी केली होती.

व्यवस्थापकांनी मला आधी विचारलं होतं, "त्या विभागात तुमचे भावोजी आहेत. तुम्ही या कामातून बाजूला होता का? मी दुसऱ्या कोणाला सांगतो."

मी म्हटलं, "गरज नाही, सर. मी नियमाने करीन."

मनात होतं, मी आत असले तर त्यांच्याकडे लक्ष राहील. कॉम्प्युटरमधली यादी मी आधीच चोरून पाहिली होती. त्यात भावोजी खालून तिसरे होते. म्हणजे ते सुटत होते. दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं तर काय होईल सांगता येत नाही, म्हणून मी ते काम धरून ठेवलं. हा माझा नियम!

मग एकेकाची फाईल उघडली. भावोजींच्या नेमणूकपत्रावरची तारीख कॉम्प्युटरमधल्या तारखेपेक्षा दोन वर्षांनी पुढची निघाली. तुला आठवत असेल, पहिली दोन वर्षं ते ठेकेदारामार्फत आमच्याकडे येत होते. कोणीतरी त्यांच्या पहिल्या गेटपासची तारीखच रुजू झाल्याची तारीख म्हणून भरली होती. ती दुरुस्त केली की भावोजी एक पायरी खाली येत होते आणि त्यांच्या जागी, खालून तिसरे, प्रोफेसर वर जात होते. प्रोफेसर म्हणजे जाड चष्म्याचे, मशीन चालू असताना स्वतःशी पुटपुटणारे ते ऑपरेटर, सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. ते पहिल्या दिवसापासून कंपनीचे.

ताई, ती चूक कोणाच्याही ध्यानात आली नसती. मी फाईल मिटली असती तर भावोजी आज कामावर असते.

मी तारीख बदलली.

का बदलली, हे मी महिनाभर स्वतःला विचारते आहे. कधी वाटतं, खरं तेच केलं. कधी वाटतं, खऱ्याबिऱ्याशी माझा काही संबंध नव्हता, मी घाबरले. उद्या कोणी ती फाईल काढली असती तर म्हटलं असतं, मेहुणीने झाकलं. त्या भीतीने माझ्या हाताला घाई झाली. घाईत केलेलं खरं, खरं असतं का? मला सांगता येत नाही.

हरकतींच्या दिवशी भावोजी आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. व्यवस्थापकांना म्हणाले, "साहेब, माझी तारीख सात वर्षं एकच होती. ती आता कोणी बदलली?"

व्यवस्थापक म्हणाले, "चूक होती, दुरुस्त झाली."

"झाली की केली?"

मी समोरच बसले होते. टिपण माझ्याच हातात होतं. मी ‘कामगाराची हरकत ऐकली’ असं लिहिलं आणि मान वर केली नाही. जाताना ते म्हणाले, "येतो, मॅडम." ज्या माणसाने माझा या नोकरीचा अर्ज स्वतः आणून दिला, मुलाखतीला जाताना माझ्या चपलेचा पट्टा फुटपाथवर बसून खिळ्याने जोडला, त्याने मला मॅडम म्हटलं. टोमणा मारून नाही गं. अगदी साधेपणाने. तेच सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर दारात उभे. "मॅडम, तुम्ही नातं बघितलं नाहीत. हे असे डोळे असताना मला दुसरीकडे कोणी वैद्यकीय तपासणीत पास केलं नसतं." मी त्यांना बसाही म्हटलं नाही.

इथवरच असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. नोकरी गेली, मी घालवली, क्षमा कर, एवढं लिहून मोकळी झाले असते. पण परवा कंपनीचे वकील पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आले होते. चहा घेताना मी सहज विचारावं तसं विचारलं, "ठेकेदाराकडची वर्षं ज्येष्ठतेत धरतात का हो?"

"नाही धरत," ते म्हणाले. मग बिस्किट बुडवता बुडवता थांबले. "त्यांना काम कोण सांगत होतं? ठेकेदाराचा माणूस?"

"नाही. आमचेच पर्यवेक्षक."

"हजेरी?"

"तीही आम्हीच घेत होतो. रजाही आम्हीच द्यायचो."

"मग अवघड आहे. ठेकेदार नुसता नावाला असेल, तर ती वर्षं कंपनीचीच धरली जाऊ शकतात. निकाल दोन्ही बाजूंनी लागलेत."

"म्हणजे यादी चुकली?"

ते हसले. "मी असं कुठे म्हटलं? जोवर कोणी विचारत नाही, तोवर बरोबरच आहे."

तेव्हापासून डोकं चालत नाही. जी चूक मी दुरुस्त केली ती चूक नव्हतीच की काय? मग मी खरं वागले की खोटं? भावोजींची बाजू खरी ठरली तर प्रोफेसरांचं काय? त्यांनी तर काहीच केलेलं नाही. मी पुस्तकं काढली, जुन्या टिपणवह्या काढल्या. नोटीस, कपात, ज्येष्ठता, नैसर्गिक न्याय, सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत माझ्या. एकीलाही विचारता येत नाही की बाई, आता मी काय करू.

एवढंच करता येतंय, ते करते. त्या दोन वर्षांची हजेरीची रजिस्टरं माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहेत. प्रत्येक पानावर आमच्या पर्यवेक्षकाची सही आहे, ठेकेदाराची कुठेही नाही. भावोजींनी कामगार कार्यालयात तक्रार करावी. मुदत अजून आहे, पण फार दिवस नाहीत. अर्जात रजिस्टरांचा उल्लेख करावा आणि तारीख कोणी बदलली तेही लिहावं, माझ्या नावासकट. रजिस्टरं मागवली गेली तर मी ‘सापडत नाहीत’ म्हणणार नाही. विचारलं तर जे झालं ते सांगेन. माझं पुढे काय होईल ते वकिलांना विचारलेलं नाही.

जिंकाल की नाही, माहीत नाही. जिंकावं असं मला वाटतं का, तेही नीट सांगता येत नाही. प्रोफेसर रोज येताजाता नमस्कार करतात.

हे पत्र भावोजींना दाखव. वरच्या कोपऱ्यात जे खोडलेलं आहे, तिथे मी आधी ‘फक्त तुझ्यासाठी’ असं लिहिलं होतं.

तू ठेवशील त्या नात्याने,
तुझी धाकटी