ढालीचा नियम

प्रिय ज्योतिबा,

तुला फोन करायचं मी सोडून दिलं. तू उचलत नाहीस, आणि धनश्री म्हणाली की आता तू कोणाचाच उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका पोटात घाल.

तुझी धनश्री मला तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भेटली. मेथीच्या दोन जुड्या छातीशी धरून तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "काका, पप्पांचे कान दोन डॉक्टरांनी तपासले. दोघांनी लिहून दिलंय, ऐकायला चांगलं येतंय. पप्पा म्हणत्यात, मशीनला काय कळतंय, त्या दिवशी मला शिट्टी आली न्हाई ऐकू, हे मला ठावं हाय." तू गाडीच्या स्टिअरिंगला हात लावत नाहीस, रस्ता ओलांडताना तिचा हात धरतोस, आणि येत्या सोमवारी दौंडच्या कोर्टात उभा राहून चूक कबूल करणार आहेस, हेही तिनंच सांगितलं. वकील घाई करू नका म्हणतोय, तरी तू ऐकत नाहीस. तिचे डोळे कोरडे होते. रडून संपलेलं असावं. मी तिला जिलेबी घेऊन दिली, ती तिनं तशीच पिशवीत टाकली. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही.

इकडची खबर अशी. मी अजून त्याच गोदामाच्या गेटवर आहे, कासुर्डीहून सायकलवर जातो-येतो. मोबाइलवरच्या खेळातल्या आपल्या युतीचं सगळं आता फोर्कलिफ्टवाला विनोद बघतो. गोदामातले नऊ जण नव्यानं खेळायला लागलेत आणि रोज कोणाचा तरी वाडा जळतो. विनोद म्हणाला, "दादा, तुमचं अक्षर बरं हाय, नवीन पोरांसाठी नियम लिहून द्या, गेटच्या खोलीत चिकटवू." मी वही घेऊन बसलो. मला या खेळातलं जे काही येतं ते तू शिकवलेलं. म्हणून म्हटलं, आधी तुलाच लिहून दाखवावं.

पहिला नियम वाड्याचा. आठवतं ना, तुझा कंटेनर आत घ्यायला तास दोन तास लागायचे, आणि तू माझ्या खुर्चीशेजारी पाण्याच्या जारवर बसायचास. तूच माझ्या मोबाइलवर खेळ टाकून दिलास. मला वाड्याचे बुरूज आवडले, म्हणून मी दोन दिवसांत नुसता वाडाच वाढवत सुटलो. सहावी लेव्हल झाली, नवख्याला मिळणारं संरक्षण गेलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर सगळं राज्य धुरात. तू पोट धरून हसलास. "पोपटदादा, भिंत न बांधता माडी चढवलीत व्हय? आधी शेतं, मंग कोठार, मंग भिंत. वाडा सगळ्यात शेवटी." हे मी तुझ्याच शब्दांत लिहिलंय.

दुसरा नियम युतीचा. एकट्यानं नकाशावर राहू नये, पहिल्याच दिवशी कोणत्या तरी युतीत शिरावं, रोज दुसऱ्याच्या बांधकामाला मदतीचं बटण दाबावं. आपल्या 'घोडनदी' युतीत तू मला कोणाला न विचारता घेतलंस. नाव टाकताना मी विचारलं होतं, आडनाव लिहू का नको. न्हावऱ्यातला बागायतदाराचा मुलगा तू, आणि मी बौद्धवाड्यातला. तुला माझ्या प्रश्नातला प्रश्न कळला होता. "हितं आडनाव लागत न्हाई दादा, लेव्हल लागती," म्हणालास आणि तुझ्या डब्यातली पिठल्याची वाटी माझ्याकडे सरकवलीस. ते मी वहीत लिहिलेलं नाही. माझ्यापाशी आहे.

तिसरा नियम दवाखान्याचा. लढाईला जाण्याआधी दवाखान्यात खाटा किती आहेत ते बघावं. खाटा पन्नास आणि जखमी सत्तर, तर वीस सरळ मेले. हे ऐकून मी खेळ बंद करणार होतो. रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस मी. खोट्या का होईना, माणसांना मारायला पाठवायचं कसं? मी विचारलं, कोणावर चाल न करता खेळता येतं का.  तू म्हणालास, "येतं. नुसती ढाल घ्यायची, मंग कोणाला तुमच्यावर चाल करता येत न्हाई. पण ढाल आठ तास टिकती. संपली की लगेच दुसरी. तुम्ही कोणाला मारणार न्हाई म्हंजी तुमचं कोठार कायम भरलेलं, आन् भरल्या कोठारावर सगळ्यांचा डोळा." तेव्हापासून युतीतले मला ढालवाले दादा म्हणू लागले. वर्षभरात मी एकाही राज्यावर चाल केली नाही. मला त्याचा अभिमान होता, ज्योतिबा. वाटायचं, आपण खेळातसुद्धा शील पाळतो.

विनोदच्या कागदावर ढालीचा नियम अजून लिहायचा राहिलाय. तीन वेळा सुरुवात केली आणि तीन वेळा पान फाडलं.

आषाढात मी हरिबांच्या घरी गेलो होतो. गोदामात माल उतरवणाऱ्या हरिबांना तू मामा म्हणायचास. त्यांच्या मागं राहिलेल्या त्यांच्या बायकोनं, पुतळाबाईंनी, मला चटई टाकून दिली, चहा केला. हरिबांचा डबा त्यांनी घासून मांडणीवर ठेवलाय, रोज घासतात म्हणे. मी मान खाली घालून बसलो होतो तर त्याच माझी समजूत घालू लागल्या. "तुम्ही कशापायी झुरताय? तुम्ही शिट्टी वाजवली व्हती. डायवरला न्हाई आली ऐकू, त्याला त्यानं तरी काय करावं? त्याच्या लेकरांचं बरं हाय का?" तो चहा मी तसाच ठेवला. उठून बाहेर आलो.

दर रविवारी आमच्या विहारात वंदना मी घ्यायचो, हे तुला माहीत आहे. आठ महिने झाले, ते काम मी विहारातल्याच करुणाकडे दिलंय. गुडघे दुखतात असं सांगितलं. गुडघे चांगले आहेत. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलो की सगळ्यांचा आवाज चालू राहतो आणि माझे नुसते ओठ हलतात. अंजना माझ्या शेजारी बसते. परवा घरी येताना म्हणाली, "तुम्ही चौथ्याला गप का होता?" बत्तीस वर्षांचा संसार आहे, तिला कळणारच. मी तिला सगळं सांगितलं. ती चालता चालता थांबली आणि एवढंच म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

तर तुला सांगतो. मार्चमधल्या त्या दिवशी मोठी लढाई होती आणि माझी ढाल अकराला संपणार होती. सकाळी गेटवर तूच आठवण करून दिलीस, पण त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नको. तू आठवण करून दिलीस ती जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांसारखी, तुझी गाडी माल उतरवायच्या धक्क्याला लावताना मी मोबाइल काढावा असं तू म्हणाला नव्हतास. तू मागं येत होतास. छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे ये, एक लांब म्हणजे थांब, हा आपला ठराव. मी छोट्या वाजवत होतो. खिशात मोबाइल थरथरला. शत्रूचा हेर आला की पडदा लाल होतो, तो झाला होता. वाटलं, नवी ढाल घ्यायची, चार सेकंदांचं काम आहे. शिट्टी ओठांत होती, दोन्ही हात मोबाइलवर, नजर मोबाइलवर. हरिबा तुटलेली फळी उचलायला धक्का आणि गाडीच्या मध्ये वाकले ते मी पाहिलंच नाही. आणि माझं तोंड सवयीनं वाजवत राहिलं, ये, ये, ये. ढाल लागली, मी मान वर केली, तोवर सगळं झालं होतं. पोलिसांनी विचारलं, थांबायची शिट्टी दिली होती का. मी हो म्हणालो. त्यानंतर कोणीच मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. तूसुद्धा नाही. तू तिथंच मातीत बसून म्हणालास, "दादांनी वाजवली आसंल, मलाच आली न्हाई ऐकू." मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिलो. आठ महिने तुझे कान खोटे ठरवून मी माझी नोकरी करतोय. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन मी माझा जबाब बदलणार आहे, अंजना बरोबर येते आहे. मला तिथंच ठेवून घेतलं नाही तर सोमवारी कोर्टातही असेन. तू तिथं काही कबूल करू नको, आणि हे पत्र वकिलाला दे. माफी मागायला हे लिहिलेलं नाही. लांब शिट्टी वाजलीच नव्हती, ज्योतिबा. मी ये म्हणत होतो आणि तू येत होतास. तुला सगळं नीट ऐकू येत होतं.

तू अजून म्हणू देशील तर तुझाच,
पोपट