शिंप्याला भरपाई

३ जानेवारी
लॉच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास आजपासून. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पहिली वकीलही मीच होणार. रोज पहाटे पाचला उठणे. आज साडेसात झाले, पण आजचा दिवस तयारीचा. मामा काम करतो त्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनची जागा आहे. निकालापर्यंत ती तुझ्यासाठी धरून ठेवतो, पुढे नाही, म्हणाला. उगाच धरून बसलाय बिचारा.

९ जानेवारी
रंगीत पेनांनी वेळापत्रक केलं. फारच सुंदर झालं. दमले. झोपले.

१७ जानेवारी
पहिली सराव परीक्षा. यात एक नियम देतात, खाली एक प्रसंग, आणि निकाल आपण द्यायचा. नियम: दुसऱ्याच्या आवारात न विचारता शिरणाऱ्याला भरपाई नाही. प्रसंग: शिंप्याच्या दोरीवरचं कापड वाऱ्याने शेजारच्या आवारात गेलं, तो भिंत ओलांडून आणायला गेला, कुत्रा चावला. मी शिंप्याला भरपाई दिली. चूक! मग त्याने गिऱ्हाईकाला काय सांगायचं? असेच बरेच चुकले. पेपर काढणाऱ्याला काळीज नाही.

१८ जानेवारी
क्लासचे सर म्हणाले, ताई, तुम्हाला न्याय करायला सांगितलेलं नाही, नियम लावायला सांगितलाय. मी विचारलं, मग वकील हवाच कशाला? वर्ग हसला. बहुतेक माझ्या बाजूने.

२ फेब्रुवारी
पहाटेचं जमेना. गजर आईला ऐकू जातो, मला नाही. आई म्हणाली, वकील तू होणार आणि उठायचं मी होय गं?
बाबा हल्ली वर्कशॉपमधली भांडणं घरी आणतात. आमच्या वकीलबाईंना विचारून सांगतो, असा शब्द देऊन येतात. आज वेल्डर आणि फिटर यांच्यात पंखा कोणाकडे वळवायचा यावरून वाद. मी निकाल दिला: आळीपाळीने. सगळी संध्याकाळ त्यात गेली, पण हाही अभ्यासच.

४ फेब्रुवारी
वेल्डर आणि फिटर, दोघेही बाबांशी बोलत नाहीत.

२० फेब्रुवारी
कॉलेजच्या अर्जात विचारलंय, तुम्हाला वकील का व्हायचंय. मनापासून लिहिलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, यात न्याय सगळीकडे आहे, तुम्ही कुठेच नाही. कौतुकच असावं. तसाच पाठवला.

११ मार्च
सराव परीक्षेत शिंपी पुन्हा आला. पुन्हा भरपाई दिली. गुण मागच्यापेक्षा कमी. खऱ्या परीक्षेत प्रश्न चांगले असतात म्हणे.

५ एप्रिल, दुपार
परीक्षा झाली. नियम: ठरल्या तारखेला भाडं न दिल्यास घरमालक खोली रिकामी करून घेऊ शकतो. प्रसंग: मूल आजारी, भाडेकरू बाईने भाडं दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिलं. पेन थांबलं. सरांचा चेहरा आठवला. बरोबर उत्तर कोणतं ते कळत होतं. तरी बाईला खोलीतच ठेवलं. मग बाकीच्या प्रश्नांतल्यांनाही वाचवत गेले. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. पेपर उत्तम गेला.

१४ मे
निकाल. यादीत नाव नाही. यादीच्या जवळपासही नाही. बाबांनी फोनवरची यादी खालपर्यंत बघून विचारलं, यावर अपील करता येतं का गं? आई म्हणाली, आधी जेवू दे तिला. मामाचा फोन येऊन गेला. जागा अजून आहे.

१ जून
दवाखान्यात पहिला दिवस. डॉक्टरांचा नियम एकच: पेशंट नंबरानेच आत सोडायचा. एक काका आले, गाल टम्म सुजलेला, बोलताही येईना. त्यांच्या पुढे दात साफ करून घ्यायला आलेल्या एक बाई, फोनवर खिदळत. काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, काका, बसून घ्या, नंबर आला की हाक मारते.
नंतर डॉक्टर मामाला म्हणाले, भाची हुशार आहे तुझी, एकदा सांगितलेलं कळतं.
पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलं.
पाचचा गजर काढून टाकला. दवाखाना दहाला उघडतो.