नाल्याकाठच्या बोरी

१० ऑक्टोबर
वामनकाकांच्या नाल्याकाठच्या बोरींत आजही एक फुलपाखरू नाही. टेकडीवरच्या बोरींत मात्र नखाएवढ्या काळ्या-पांढऱ्यांची जत्रा. मध्ये फक्त सोयाबीनची दोन वावरं.
दरवर्षी हेच. उन्हाळ्यात धुरे, म्हणजे बांधांवरचं वाळकं गवत, पेटवले की नाल्याकाठ होरपळतो. पावसात बोरींना पालवी येते, पाखरं येत नाहीत. आणि दिवाळीनंतर एकदम हजर! कुठून? रिटायर होऊन माहेरी आले तेव्हापासून या एकाच प्रश्नाला चिकटून बसलेय. कारंजाला कॉलेजात शिकवत होते तेव्हा याला अभ्यास म्हणत, इथे खूळ म्हणतात.

१३ ऑक्टो.
टेकडीवर पंखांना मार्करचे हिरवे ठिपके लावले. हिरवा ठिपका नाल्यावर दिसला की समजायचं, उडत आलं.
वा.का. बांधावरून, "शैले, पाखराइले टिकल्या लावून राह्यली का?"
मग खरं ते बोलले. मुलगा मागे लागलाय, बोरी काढू, तेवढंच वावर वाढेल. "तुही पाखरं हायेत तोवर मी हात नाई लावत. पन नसतीन तं कायले ठेवू? होळीले जेसीबी बोलावतो."
चुकीचं काही बोलले नाहीत.

२१ ऑक्टो.
आज भांडले. वा.का. टेकडीवर कोयत्याने बोरी तोडत होते. नाल्यालगतच्या हरभऱ्याला काट्यांचं कुंपण, रोही म्हणजे नीलगाई शिरू नयेत म्हणून. फांद्या उलटून पाहते तो पानापानाखाली हिरव्या अळ्या, आणि अळीच्या पाठीवरचा गोड थेंब चाटायला मुंग्या. "काका, जिथे उरलीत तिथेच मारता?"
"आमचा बाप बी येथूनच काट्या नेई, बाई." पण कोयता खाली ठेवला. अर्धी मोळी तिथेच टाकून रिकामी बैलबंडी घेऊन गेले.
घरी आल्यावर वाईट वाटलं. आवाज फार चढला होता माझा.

२ नोव्हें.
वा.कां.च्या हरभऱ्याला बॅटरीची झटका तार लागली. गोदाकाकू खूश. "यंदा याइच्या हातातले काटे सुईनं काढा नाई लागले मले." डब्यात चकल्या दिल्या. मी जिंकले म्हणायचं.

१९ नोव्हें.
नाला: नाही. दिवाळी होऊन गेली.
टेकडीच्या कडेला बसून पाहिलं. शेवटच्या बोरीपर्यंत येतात, मोकळं वावर दिसलं की माघारी. सासरी न नांदणाऱ्या पोरीसारखी.

४ डिसें.
नाही. धुरे तसेच जळले, पाऊस बरा झाला, बोरी हिरव्या आहेत. यंदा वेगळं झालं तरी काय?

९ डिसें.
चपलेचा बंद तुटला म्हणून टेकडीखाली बसले. शेजारी तीच टाकलेली मोळी. वाळून कडकडीत. सहज पाहिलं तर काटक्यांच्या बेचक्यात रिकामे कोष. आणि मोळी ज्या बोरीला टेकली होती तिची पानं खरवडून खाल्लेली.
कोषातली उडून गेली, अळ्या चालत हिरव्या बोरीवर चढल्या.
फुलपाखरं उडून येतच नव्हती. वामनकाकांच्या बंडीत बसून येत होती! कुंपण नाल्याच्या बोरींना टेकूनच तर लागायचं. आणि बंडी थांबवली कुणी, तर मी. आधी हसू आलं, मग रडू.

१० डिसें.
सांगितलं. वा.का. ठसका लागेपर्यंत हसले. "म्हंजे आमच्या बापानंच पोसली म्हना तुही पाखरं!"
गोदाकाकू, "मी सुई नाई धरणार आता, सांगून ठेवते."
"मी तोडतो," वा.का. म्हणाले, "वढायचं तू."
मुंगी तिथे अळी, म्हणून मुंग्या पाहून फांद्या निवडल्या. दोन वावरं मोळी ओढत नेऊन नाल्याच्या बोरींना टेकवली. हातांची चाळण. उशीर झालाय, बोरींची पानं पिवळी पडायला लागलीत. काकूंनी शेवटी सुई घेतलीच, माझ्यासाठी. तोंड सुरू होतं.

१२ जाने.
नाला: नाही. मोळी वाळली. एक कोष फुटलेला दिसला, पण तो कधीचा कोण जाणे.

२७ जाने.
नाही. वा.कां.चा मुलगा जेसीबीवाल्याशी फोनवर बोलत होता. मला पाहून आवाज कमी केला.

८ फेब्रु.
वा.का. नाल्यावर आले. "हाय का काही?"
एका पानावर मुंगी दाखवली. सकाळपासून तिथेच, जागची हलत नव्हती.
"हे तं मुंगी हाय."
"ती उगाच थांबत नाही, काका."
उकिडवे बसले. गुडघे वाजले. बराच वेळ पाहत होते. पान उलटायला मी हात पुढे केला, मनगट धरलं माझं.
"राहू दे. खाली काही नसलं तं मले पोराले हो म्हना लागीन."
मग दोघंही बसलो, पान न उलटता. मुंगी होती.