पाचव्या शनिवारचं टेबल

५ मार्च
पडलं गळ्यात शेवटी! सभागृहातल्या माहजोंगच्या डावाला चौघाचौघांत कोणी कोणासोबत बसायचं ते मी ठरवायचं म्हणे. गेल्या खेपेला चिठ्ठ्या टाकल्या, तर लो काका सलग तीनदा माझ्याच टेबलावर. सोंगट्या आपटतात, वर गुणगुणतात.

श्युए-ओ वहिनी – मंडळाच्या अध्यक्षा – म्हणाल्या, "बाई, जन्मभर गणित शिकवलंत, एवढं करा. एकदा एकत्र बसलेली दोन माणसं पुन्हा एका टेबलावर नकोत. भांडणंच बंद!"

नावं वाचली. सोळावं नाव च्यो-येन. माझी ताई. तिला माहजोंग कधीपासून येतं?

६ मार्च
चौघांची चार टेबलं. दर शनिवारी प्रत्येकाला तीन नवी माणसं. पाच शनिवारांत पंधरा – म्हणजे सगळ्यांची सगळ्यांशी गाठ, एकदाच, बरोब्बर! इतकं सुबक क्वचित बसतं.

पण चारच शनिवार खेळलो, तर प्रत्येकाचे तिघे राहून जातात. जाऊ देत. माझ्या तिघांत ताई टाकली. सोबत लो काकाही. काय बिघडलं!

आई गेली तेव्हा ताईने मला दुसऱ्या दिवशी कळवलं. "तुझ्या परीक्षा चालू होत्या ना." परीक्षा मुलांच्या होत्या! नऊ वर्षं झाली. राग जसाच्या तसा आहे.

७ मार्च
वहिनींनी कपाळाला हात लावला. "चार शनिवार? चार? अहो, सगळी सत्तरीची माणसं! आम्हाला पोचवायला निघालात का? अशुभ आकडा तो, उच्चार थेट मरणासारखा. पाच करा."

टेबलं चार, माणसं चौघं, सोंगट्यांवरचे वारे चार – ते चालतं?

"ते खेळातलं. खेळातलं वेगळं."

आमच्या ताइनान शहरात दवाखान्यांनासुद्धा चौथा मजला नसतो.

संध्याकाळभर नावं फिरवून पाहिली. पाच शनिवार म्हटले की ताई कुठे ना कुठे येणारच. हे मला आधीच माहीत होतं. तरी फिरवली.

१० मार्च
पहिला शनिवार. ताई पलीकडच्या टेबलावर. केस रंगवायचं सोडलंय. माझ्याकडे पाठ होती. बरंच झालं.

२४ मार्च
ताई हरते. सगळ्यांशी हरते. वर हसते.

३१ मार्च
चौथा. आज संपायला हवं होतं.

५ एप्रिल
आईच्या थडग्याची झाडलोट करायला गेले. गवत आधीच काढलेलं, फुलं कालची. दरवर्षी असंच – एक जण काल, एक जण आज. गाठ पडायला नको ना!

७ एप्रिल
ताई समोर. लो काका डावीकडे, गुणगुणत. उजवीकडे फान आजी, त्यांना ऐकू येत नाही.

तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. पण माहजोंग मुक्याने होत नाही. ताईने सोंगटी टाकली, नेमकी मला हवी तीच. "पंग!" – म्हणजे ती सोंगटी माझी – ओरडलेच मी. नऊ वर्षांनी सख्ख्या बहिणीशी पहिला शब्द – पंग!

"घे," ताई म्हणाली.

मग परत तेच. आणि परत. लो काका भडकले, "अहो, खेळताय की बहिणीला भरवताय?"

ताई हसली नाही. सोंगट्यांकडे बघतच म्हणाली, "त्या रात्री फोन हातात धरवेना गं. तुला सांगितलं असतं, तर आई खरंच गेली असती."

मी सोंगट्या नीट लावत बसले. एकही दिसत नव्हती. फान आजी म्हणाल्या, "लवकर टाक की!"

९ एप्रिल
वहिनींकडे पेरू द्यायला गेले. घरी पहिल्यांदाच. दारावर पाटी – चौथी गल्ली, घर नंबर ४४.

"इथे राहता?"

"लग्न झाल्यापासून."

मी पाटीकडे बघत राहिले. वहिनींनी पेरू घेतले. म्हणाल्या, "तुमच्या ताई आल्या होत्या माझ्याकडे, तुम्हाला काम द्यायच्याही आधी. म्हणाल्या, मांडणी धाकटीलाच सांगा. मला चुकवायला ती एखादा शनिवार कमी करेल. तेवढा करू देऊ नका."